रानात आवाज लावण्याआधी

ही पुस्तिका स्पीकर विकत घेण्याबद्दल आहे. एवढ्याशा विषयाला पुस्तिका कशाला आणि तिला वर प्रस्तावना कशाला, असं कुणी विचारलं तर त्यात वावगं काही नाही. मलकापुरात मोबाइलच्या कुठल्याही दुकानात ब्लूटूथ स्पीकर टांगलेले असतात. दुकानदार एखादं गाणं लावतो, बेस कसा घुमतो ते ऐकवतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजतं. हळदीच्या कार्यक्रमाला, वावरात ओलित करताना, सहलीच्या गाडीत तो स्पीकर झकास चालतो. तोच उचलून पिंगळे किंवा लांडगे शोधायला सातपुड्याच्या पायथ्याशी नेला, की दुकानात जे गुण वाटले होते तेच नडायला लागतात. का नडतात आणि त्यावर उपाय काय, हे महाविद्यालयातल्या पोरापोरींना, पक्षीनिरीक्षकांना आणि वनरक्षकांना समजेल अशा भाषेत कुणीतरी लिहायला हवं होतं. मलकापूरच्या काही शिक्षकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते लिहिलं. मी फक्त दारात उभा राहून वाट दाखवतो आहे.

प्लेबॅक म्हणजे काय, ते आधी सांगतो. पक्ष्याचा किंवा प्राण्याचा आधी मुद्रित केलेला आवाज त्याच्याच हद्दीत लावायचा आणि तो काय करतो ते पाहायचं. उत्तर आलं, तर तो तिथं आहे हे कळलं. फांद्या बदलत स्पीकरच्या रोखानं आला, तर हद्द राखणारा नर आहे असा अंदाज बांधता येतो. युक्ती नवी नाही. फासेपारधी पाळलेला तितर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवत. त्याचा आवाज ऐकून तिथला तितर भांडायला धावत येई आणि फाशात सापडे. तोंडानं हुबेहूब आवाज काढून पाखरू बोलावणारेही त्यांच्यात होते. ती विद्या पोटासाठी होती, आणि आज कायद्यानं ती शिकार ठरते. पण कुठल्या वेळी, किती लांबून, किती वेळा ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं हे त्यांना जसं उमजत होतं तसं आज महागडी यंत्रं घेऊन फिरणाऱ्या अनेकांना उमजत नाही, हे मी जबाबदारीनं लिहितो.

यंत्राचा इतिहासही बराच जुना आहे. १८८९ साली जर्मनीत लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलानं एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातल्या एका पक्ष्याचा आवाज मुद्रित केला. पक्ष्याच्या आवाजाचं ते पहिलं ज्ञात मुद्रण, आणि तो पक्षी होता आपल्याकडचा शामा. पुढं तीनच वर्षांत रिचर्ड गार्नर या अमेरिकन माणसानं माकडांना माकडांचेच आवाज फोनोग्राफवरून ऐकवल्याचा वृत्तान्त पुस्तकरूपानं छापला. गार्नरचे निष्कर्ष फार भाबडे होते. या पद्धतीला खरं वजन आलं ते १९८० साली. केनियातल्या अंबोसेलीत सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी झुडपाआड स्पीकर लपवून व्हर्वेट माकडांना त्यांच्याच धोक्याच्या हाका ऐकवल्या. बिबट्याची हाक लावली की माकडं झाडावर चढत, गरुडाची लावली की वर बघत, सापाची लावली की पायाखालचं गवत न्याहाळत. तिथं बिबट्या नव्हता, गरुड नव्हता, सापही नव्हता. होता तो नुसता आवाज. म्हणजे त्या हाकेतच अर्थ आहे, हे सिद्ध झालं. आता कल्पना करा, त्या स्पीकरमधून प्रत्येक हाकेआधी बारीकसं ‘टक्’ वाजलं असतं तर? माकडं कशाला भ्यायली, हाकेला की टक्‌ला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. या पुस्तिकेतली निम्मी पानं असल्या ‘टक्’वर खर्च झाली आहेत, आणि ती योग्यच खर्च झाली आहेत.

मलकापुरातून हे काम का सुरू व्हावं, याचं उत्तर नकाशात आहे. गाव पूर्णेच्या खोऱ्यात आहे. उत्तरेला पूर्णा ओलांडून जळगाव जामोद, संग्रामपूरच्या वर गेलं की सातपुडा लागतो. तिथं अंबाबरवा अभयारण्य आणि त्याला लागून मेळघाट. दक्षिणेला मोताळा, बुलढाणा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला वाघ २०१९ साली फिरत फिरत याच ज्ञानगंगेत येऊन राहिला होता. मधल्या सपाटीवर काळी जमीन, पऱ्हाटी, सोयाबीन, रोह्यांचे कळप, कोल्हे, आणि जुन्या निंबाच्या ढोलीत पिंगळे. दोन्हीकडची जंगलं एका दिवसात गाठता येतील अशी ही जागा आहे.

आणि या टापूत प्लेबॅकचं महत्त्व शिकवायला रानपिंगळ्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. गावातला ठिपक्यांचा पिंगळा सगळ्यांच्या ओळखीचा. पहाटे कुडमुडं वाजवत येणारा पिंगळा जोशी त्याचीच भाषा कळते म्हणून भविष्य सांगतो. रानपिंगळा वेगळा. ह्यूमनं १८७३ साली त्याचं वर्णन केलं, ते ब्लेविटनं आजच्या छत्तीसगडात मिळवलेल्या नमुन्यावरून. १८८४ साली डेव्हिडसननं खानदेशात शहाद्याच्या आसपास काही नमुने मिळवले, आणि त्यानंतर हा पक्षी गडप झाला. मधे मायनर्त्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ साली आपल्याला गुजरातेत एक मिळाल्याची नोंद केली होती, पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच जुना पक्षी निघाला. त्या खोट्या नोंदीनं शोधणाऱ्यांना भलत्याच जागी फिरवलं. शेवटी २५ नोव्हेंबर १९९७ला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो पुन्हा दिसला, शहाद्याजवळच. ११३ वर्षांनी. तो दिसला डोळ्यांना, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेला. त्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याची सोयच नव्हती, कारण तो आवाज कुणाकडेच मुद्रित नव्हता. पुढं त्याच्या हाका ध्वनिफितीवर आल्या, १९९९ साली रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि मग सर्वेक्षणाची रीतच बदलली. तोरणमाळ, बुऱ्हाणपूरकडचं खकनार, मेळघाट असे एकामागून एक ठिकाणी पक्षी नोंदवले गेले. २०१४ साली तो थेट ठाणे जिल्ह्यात तानसा अभयारण्यात निघाला. २०१८ साली त्याला ‘अत्यंत चिंताजनक’ या वर्गातून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणण्यात आलं. पक्षी वाढले म्हणून नव्हे. तो वाटत होता त्याहून जास्त ठिकाणी आहे हे कळलं म्हणून. हाक माहीत असणं आणि ती नीट लावता येणं याचा यात मोठा वाटा आहे.

तर आता ‘नीट लावणं’ म्हणजे काय, त्याकडे वळतो. बाजारातला स्पीकर माणसाच्या कानाला खूश करण्यासाठी बनवलेला असतो. आत बसवलेली चिप कमी आवाजावर बेस फुगवते, आवाज वाढवला की पडदा फाटू नये म्हणून तोच बेस दाबते, आणि हळू-जोरातला फरक पुसून सगळं एका पातळीवर आणते. गाण्याला हे शोभतं. पण आपण एक हाक हळू आणि तीच हाक मोठ्यानं लावून पक्षी काय करतो ते पाहत असू, तर पक्ष्याला दोन वेगळ्या सुरावटी ऐकू जातात आणि आपण वहीत लिहितो ‘आवाज वाढवला’. संशोधनाचा स्पीकर नीरस असावा. आत गेलं तेच बाहेर यावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

ब्लूटूथचा घोळ तर निराळाच. चालू केल्याबरोबर बहुतेक स्पीकर टुणटुण वाजतात. काहींमधली बाई इंग्रजीत ‘कनेक्टेड’ म्हणून जाहीर करते, तेही पहाटे साडेपाचला, सागाच्या जंगलात. त्याहून वाईट खोड म्हणजे शांतता झाली की हे स्पीकर डुलकी काढतात. हाकांच्या मधे वीस-तीस सेकंदांची निवांत जागा ठेवलेली असते. तेवढ्यात स्पीकर झोपतो, आणि पुढची हाक आली की जागा होईपर्यंत तिचा पहिला स्वर गिळून टाकतो. घरात ऐकताना हे ध्यानातही येत नाही. रानपिंगळ्याची हाक मुळात आखूड. तिचा पहिला तुकडा गेला तर उरलं काय? साधी तार लावता येईल असं छिद्र असलेला स्पीकर मिळत असेल तर दोनशे रुपये जास्त देऊन तोच घ्यावा, असं पुस्तिकेत बजावलं आहे, आणि मी त्याला दुजोरा देतो. फोनवरून लावणार असाल तर तो आधी विमानवाल्या मोडवर टाका. हाकेमागोमाग रिंगटोन वाजली, किंवा यूट्यूबवरून लावताना मधेच सिमेंटची जाहिरात सुरू झाली, तर ती सकाळ वाया गेली समजा.

वॅटच्या आकड्यांना भुलू नये. खोक्यावर २० वॅटऐवजी ४० लिहिलं म्हणून आवाज दुप्पट होत नाही. ताकद दुप्पट केली तर पातळी जेमतेम ३ डेसिबल वाढते. उलट अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात. एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर दहा मीटरवर ७० आणि शंभर मीटरवर ५० देतो. वर पानं, गवत, वारा आपापला वाटा कापतात तो वेगळा. शिवाय पहाटे जमिनीलगतची हवा थंड असते, आवाज खाली वाकून लांबवर जातो. ऊन चढलं की जमीन तापते आणि तोच आवाज वर निघून जातो. मलकापुरात पहाटे लांबच्या रेल्वेगाडीचा खडखडाट घराशेजारून गाडी गेल्यासारखा येतो आणि दुपारी येत नाही, ते याचमुळं. पहाटे पाचला आणि सकाळी दहाला एकाच बटणावर लावलेली हाक सारखी पोचते असं धरून चालणारे अहवाल मी वाचले आहेत. त्यातल्या तुलनांना फारसा अर्थ नाही.

म्हणून मोजणी. या पुस्तिकेतलं मला सगळ्यांत आवडलेलं प्रकरण हेच. त्यातली रीत अशी: पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं वावर गाठायचं, वारा पडलेला असताना. स्पीकर छातीच्या उंचीवर तिवईवर ठेवायचा. जमिनीवर कधीच नाही, कारण ढेकळं आणि गवत आवाज शोषतात. स्पीकरच्या जाळीपासून एक मीटर मोजून सुतळी बांधायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाशी डेसिबल मीटर धरायचा. हा मीटर साधा, दोन-तीन हजारांतला असला तरी चालतो. फोनवरचं अॅप चालत नाही, कारण फोनचा माइक बोलण्यासाठी जुळवलेला असतो आणि मोठा आवाज आला की स्वतःच तो दाबतो. अधिक-उणे बटणांच्या स्पीकरवर पातळीचा आकडा दिसत नाही, म्हणून स्पीकर पूर्ण वाढवून ठेवायचा आणि फोनवरच्या पायऱ्या मोजायच्या: सातव्या पायरीला किती, नवव्याला किती. ते आकडे कागदावर लिहून तो कागद पारदर्शक पट्टीनं स्पीकरच्या बुडाला चिकटवायचा. मग स्पीकर फिरवून बाजूनं आणि पाठीमागून मोजायचं. चारही दिशांना आवाज टाकणारा म्हणून विकलेला स्पीकर मागून बराच कमी भरतो, हे तिथं कळतं. बॅटरी अर्धी झाल्यावर पुन्हा एकदा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि एवढं केलं तर बाजारातला बेताचा स्पीकरसुद्धा उपयोगी पडतो, कारण तो कुठं खोटं बोलतो हे आपल्याला माहीत असतं.

कुठल्या प्राण्यासाठी, हा प्रश्न मात्र मोजणीच्याही आधीचा. तळहाताएवढ्या स्पीकरचा पडदा साधारण २०० हर्ट्झच्या खाली हतबल होतो. पिंगळे, तितर, पावशा यांना तो पुरतो. मोठ्या घुबडाचा खोल घुत्कार त्यावर पातळ निघतो. वाघाच्या डरकाळीचा तर विचारही करू नये. तिचा जो भाग पोटात जाणवतो तो या खोक्यातून निघतच नाही, आणि निघालाच तर आलेल्या पाहुण्याचं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही पुस्तिकेत नाही. वटवाघळांचं टोक दुसरीकडे: त्यांचे आवाज बहुतेक २० हजार हर्ट्झच्या वर, आपल्या कानांच्या आणि या स्पीकरांच्याही पलीकडे. त्याला खास यंत्र लागतं. देवळावरचा नि प्रचाराच्या रिक्षावरचा अहुजाचा भोंगा अनेकांच्या मनात येतो. तो खालचा आणि वरचा सूर दोन्ही खातो, पण मधल्या पट्टीत लांब फेकतो. युरोपात सोनेरी कोल्ह्यांच्या मोजणीसाठी कोल्हेकुई असल्याच भोंग्यातून लावतात. आपल्याकडे तर गाडीचा सायरन वाजला तरी कोल्हे साथ देतात!

लांडग्यांचं काम आपल्याच राज्यात झालं आहे. सौगत साधुखान, लॉरेन हेनेली आणि बिलाल हबीब यांनी महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या हुंकारांचा अभ्यास केला. त्यासाठी मुद्रित हुंकार लावून लांडग्यांना बोलतं केलं. भारतीय लांडग्याच्या हुंकाराचा मूळ सूर सरासरी ४०० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि प्रत्येक लांडग्याच्या हुंकारात त्याची अशी काही खूण असते, असं त्यांनी दाखवलं. त्यांचा २०२१चा निबंध तर या खुणांवरून अनोळखी लांडगे ओळखून त्यांची गणती करता येईल का, याच प्रश्नावर आहे. माळरानावर राहणाऱ्या, दिवसा दिसेनाशा होणाऱ्या प्राण्याची पकडापकडी न करता मोजणी व्हावी, ही साधी गोष्ट नाही. ४०० हर्ट्झ हा सूर मधल्या आकाराच्या स्पीकरला सहज झेपतो; अडचण येते ती पल्ल्याची. म्हणजे इथं खिशातला स्पीकर नको, थोडं वजन उचलायची तयारी हवी.

ध्वनिमुद्रणाबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, त्यातलं एकच इथं सांगतो. डोनाल्ड क्रूड्समा यांनी १९८९ साली पक्षीसंशोधकांना खडसावून सांगितलं, की एकाच पक्ष्याची एकच फीत पन्नास ठिकाणी वाजवली तर पन्नास प्रयोग होत नाहीत. त्या एका फितीला पक्षी काय म्हणतात एवढंच कळतं. वेगवेगळ्या पक्ष्यांची, शक्यतो आपल्याच भागातली मुद्रणं जमवा. ती मूळ वेव्ह फाइलमध्ये ठेवा. एमपी-थ्री करताना माणसाला ऐकू न येणारं म्हणून जे कापलं जातं, ते पिंगळ्यालाही ऐकू येत नाही असं कुणी सांगितलं?

धूळ आणि ऊन यांचं चटकन उरकतो. खोक्यावर आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर स्पीकर अर्धा तास मीटरभर पाण्यात तगेल. पण मधल्या एक्सचा अर्थ धुळीची चाचणी केलेली नाही असा होतो. आपल्याकडे पाण्यापेक्षा काळ्या मातीची धूळ जास्त मारते, म्हणून आयपी ६७ शोधा. मे महिन्यात बंद गाडीत स्पीकर ठेवू नका, आणि तापलेला असताना चार्जिंगला लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियमच्या बॅटऱ्या खराब होतात.

आता ज्या मुद्द्यावर लेखकांचं आणि माझं थोडं जुंपलं, तो. किती वेळ लावायचं? त्यांच्या पहिल्या मसुद्यात या विषयाला फारच थोडी जागा होती. रोही-रानडुकरांना हाकलायला शेतकरी रात्रभर भोंग्यावर कुत्र्यांचं भुंकणं लावून ठेवतात. पहिले काही दिवस जनावरं बिचकतात, मग त्याच धुऱ्यावर उभं राहून निवांत चरतात. पक्ष्यांचंही तसंच होतं, आणि होण्याआधी त्यांची बरीच दमछाक होते. नर घरटं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो, तेवढा वेळ पिल्लांचा जातो. घुबडांच्या पाहणीत रूढ शिस्त अशी आहे: आधी काही मिनिटं नुसतं ऐकायचं, मग थोडा वेळ लावायचं, पुन्हा ऐकायचं. अनेक जाती शोधायच्या असतील तर लहान घुबडापासून सुरुवात, कारण मोठ्याचा आवाज आधी लावला तर लहान भीतीनं गप्प होतं. उत्तर आलं की बंद. फोटोसाठी पक्षी पुन्हा पुन्हा बोलावणं हा संशोधनाचा भाग नाही, आणि विणीच्या काळात तर तो निव्वळ छळ आहे.

आपला आवाज किती खोलवर पोचतो, याचा पुरावा २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून आला. लियाना झानेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रूगर परिसरातल्या पाणवठ्यांवर स्पीकर आणि कॅमेरे बांधून प्राण्यांना सिंहांचे आणि माणसांच्या साध्या बोलण्याचे आवाज ऐकवले. सिंहापेक्षा माणसाचं बोलणं ऐकून प्राणी जास्त पळाले. जिराफ, बिबटे, गेंडेसुद्धा. एका हत्तीनं मात्र सिंहाचा आवाज ऐकून चिडून सगळं यंत्रच चिरडलं. स्पीकर निवडताना ही शक्यताही धरावी, असं मी लेखकांना सुचवलं. त्यांनी हसून सोडून दिलं.

शेवटी कायद्याचं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२प्रमाणे अभयारण्यात अभ्यासासाठी जायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ज्ञानगंगा असो की अंबाबरवा, खिशातला स्पीकर लहान आहे म्हणून सूट नाही. अर्जात कुठल्या जातीसाठी, किती डेसिबलवर, किती मिनिटं लावणार हे लिहा; वनाधिकाऱ्यांना ते विचारायचं सुचलं नाही तरी लिहा. आणि ज्यांच्या घरी स्पीकर आधीच आहे त्यांनी नवा घेण्याची घाई करू नये. मोजणीचं तिसरं प्रकरण उघडा, सुतळी आणि मीटर घेऊन वावरात जा, आणि मिळालेले आकडे लेखकांना कळवा. दुसऱ्या आवृत्तीत बाजारातल्या स्पीकरांचा तक्ता द्यायचा त्यांचा विचार आहे, आणि तो कंपन्यांच्या खोक्यांवरून नव्हे, तुमच्या मोजणीवरून भरायचा आहे.